उपदेशात गोष्ट कशी सांगावी: नवोदित सेवकांसाठी अनुभवकथन

रविवारचा उपदेश मंडळीच्या, म्हणजे चर्चमधल्या भाविकांच्या, मनात कितपत उतरला, हे जाणून घेण्यासाठी मी अनेक वर्षे आठवड्याच्या प्रार्थनासभेत एकच प्रश्न विचारत आलो आहे: रविवारी शास्त्रपाठ, म्हणजे उपदेशासाठी वाचलेला बायबलमधला उतारा, कोणता होता? पुष्कळ वेळा उत्तर येते, "पाळकसाहेब, तुम्ही ती विहिरीची गोष्ट सांगितली होती, तो." मग मी पुढे विचारतो की विहिरीच्या गोष्टीतून वचनाबद्दल काय समजले. ज्या रविवारी गोष्ट वचनातून निघालेली असते, त्या रविवारचा शास्त्रपाठ लोक गोष्टीचा धागा धरून स्वतःच सांगू लागतात. आणि ज्या रविवारी ती केवळ ऐकणाऱ्यांचे लक्ष टिकवण्यासाठी घातलेली असते, त्या रविवारची गोष्ट सर्वांना आठवते आणि वचन कोणालाही आठवत नाही. नव्याने उपदेश करू लागलेल्या पाळकांना, तसेच पाळक दुसऱ्या गावी गेल्यावर उपासना चालवणाऱ्या वडीलजनांना मला जे सांगायचे आहे, ते या फरकाविषयी आहे.

गोष्ट काय करू शकते, हे शिकण्यासाठी मी नव्या सेवकांना प्रथम बायबलच्या जुन्या करारातल्या 2 शमुवेल या पुस्तकाचा बारावा अध्याय मोठ्याने वाचायला लावतो. दावीद राजाने उरीयाची पत्नी घेतली आणि उरीयाला लढाईत मरणाच्या तोंडी दिले, त्यानंतर नाथान संदेष्टा त्याच्यापुढे येतो आणि आरोप न करता एका श्रीमंताची आणि एका गरिबाची हकिकत सांगतो. ती हकिकत अवघ्या चार वचनांची आहे. श्रीमंताच्या कळपांविषयी नाथान एकच वाक्य बोलतो. गरिबाच्या मेंढीविषयी मात्र तो सांगतो की ती त्याच्या मुलाबाळांबरोबर वाढली, त्याच्या घासातले खाई, त्याच्या प्याल्यातले पिई आणि त्याच्या उराशी निजे. जिथे ऐकणाऱ्याचे मन गुंतायला हवे तिथेच तपशील आहे, इतरत्र नाही. दावीद स्वतः मेंढपाळ होता, म्हणून कथेसाठी मेंढीच निवडलेली आहे. राजा संतापतो, चौपट भरपाईचा निवाडा देतो, आणि मगच नाथान म्हणतो, "तो मनुष्य तूच आहेस." आपण बहुतेक वेळा हे वाक्य आधी उच्चारतो आणि गोष्ट नंतर सांगतो, त्यामुळे ऐकणारा सावध होतो आणि स्वतःचा निवाडा स्वतः करण्याची त्याची संधी निघून जाते.

तयारीचा क्रम यातूनच ठरतो. आठवड्याच्या सुरुवातीला शास्त्रपाठ पुन्हा पुन्हा वाचावा, त्याचा मागचापुढचा संदर्भ पाहावा आणि त्या वचनाचे म्हणणे एका वाक्यात लिहून काढावे; ते वाक्य लिहून होईपर्यंत गोष्ट शोधूच नये. हाती आलेल्या चांगल्या गोष्टीसाठी वचन शोधण्याचा मोह फार मोठा असतो, विशेषतः नाताळात आणि कापणीच्या सणात, जेव्हा वेळ थोडा आणि श्रोते जास्त असतात. आपल्याकडच्या कीर्तनपरंपरेने ही शिस्त पूर्वीपासून पाळली आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचे निरूपण होते आणि उत्तररंगात त्याच निरूपणाला धरून आख्यान येते. आख्यान कितीही रंगले तरी ते पूर्वरंगाशी बांधलेले असते. अहमदनगरच्या परिसरात एकोणिसाव्या शतकापासून ख्रिस्ती कीर्तने होत आली आणि मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही हा प्रकार आपलासा केला. मराठी उपदेशकाने कथनाचा आदर्श दूर शोधण्याची गरज नाही, असे माझे ठाम मत आहे. जवळपास एखादे चांगले कीर्तन असेल तर ते अवश्य ऐकावे.

गोष्ट कुठल्या जगातली असावी, हा पुढचा प्रश्न. चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे लुटलेल्या वाटसरूला एका परक्या शोमरोनी माणसाने मदत केल्याची येशूने सांगितलेली बोधकथा, यरुशलेमाहून यरीहोला उतरणाऱ्या रस्त्यावर घडतो. सुमारे 1000 मीटर उतरणारी ती ओसाड वाट आणि तिच्यावरचे लुटारूंचे भय ऐकणाऱ्यांना ठाऊक होते, म्हणून प्रभूला वर्णन करावे लागले नाही. आपल्या श्रोत्यांनाही घाट, दुष्काळात आटलेली विहीर, दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेली कुटुंबे आणि मेंढरांमागे गावोगाव फिरणारे धनगर ठाऊक आहेत. हरवलेल्या मेंढराचा दाखला शिकवायचा असेल तर आधी एखाद्या धनगराच्या वाड्यावर जाऊन बसावे आणि मेंढरू चुकले तर तो काय करतो, बाकीचा कळप कोणावर सोपवतो, हे त्यालाच विचारावे. तिथे मिळणारा तपशील कोणत्याही दृष्टांतसंग्रहात मिळत नाही.

हे दृष्टांतसंग्रह पूर्णपणे टाकाऊ आहेत असे नाही, पण त्यांतल्या गोष्टी तपासल्याविना उचलू नयेत. रेल्वेच्या पुलावरील कामगाराची गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल: गाडी येत असते, पूल खाली आणायचा असतो, त्याचा लहान मुलगा यंत्रात अडकलेला असतो, आणि प्रवाशांना वाचवण्यासाठी बाप मुलाचा बळी देतो. ती ऐकून मंडळी रडते. परंतु या गोष्टीतला मुलगा अपघाताने सापडतो. त्याला काहीच ठाऊक नसते आणि त्याची संमतीही नसते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू स्पष्ट सांगतो की माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो. म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आणणारी ही गोष्ट वधस्तंभाची, म्हणजे येशूच्या क्रूसावरील मरणाची, शिकवण नेमकी मुळाशी बिघडवते. म्हणून गोष्ट निवडल्यावर प्रत्येक पात्राच्या जागी वचनातले कोण उभे राहते हे पाहावे, आणि जुळत नसेल तर ती कितीही हृदयस्पर्शी असली तरी सोडून द्यावी.

खऱ्या घटना सांगताना खरेपणाची जबाबदारी वाढते. रेव्हरंड टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपीय गृहस्थाने नवा करार दिला आणि पुढे 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, एवढे सांगणे पुरेसे परिणामकारक आहे. त्या डब्यातला संवाद आपल्या मनाने रचून भरू नये. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला, हेही अलंकाराविना सांगितले तरी उभे राहते. कल्पित गोष्ट सांगण्यात गैर काही नाही, प्रभूचे दाखले तसेच आहेत. मात्र "एक मनुष्य होता" अशी सुरुवात करावी, "आमच्या शेजारच्या गावी परवा घडले" अशी करू नये. मंडळीतल्या कोणाचे दुःख, आजार किंवा घरचा कलह तर नाव वगळूनही सांगू नये, कारण लहान गावात नाव न घेताही माणूस ओळखला जातो, आणि त्यानंतर पाळकाकडे मन मोकळे करायला कोणी येत नाही. स्वतः त्या व्यक्तीने साक्ष म्हणून सांगण्यास परवानगी दिली असेल तर गोष्ट वेगळी.

अंत्यविधीला आणि नाताळच्या उपासनेला अन्यधर्मीय नातेवाईक व शेजारी येतात. त्यांच्या श्रद्धेला कमी लेखणारा किस्सा व्यासपीठावरून कधीही सांगू नये. ज्या दाखल्यात याजक (पुरोहित) आणि लेवी (मंदिराचा सेवक) जखमी वाटसरूला टाळून जातात आणि तुच्छ मानलेला शोमरोनी थांबतो, तो सांगणाऱ्या प्रभूच्या सेवकाला ते शोभत नाही.

सांगण्याविषयी थोडेसे. अर्ध्या तासाच्या उपदेशात एक मुख्य गोष्ट पुरते, आणि ती तीन मिनिटांत संपावी. तिचे पहिले आणि शेवटचे वाक्य पाठ असावे. मधले मनातून यावे. शेवटच्या वाक्यानंतर क्षणभर थांबून थेट शास्त्रपाठाकडे वळावे, गोष्टीचा अर्थ पुन्हा समजावत बसू नये. उपदेश झाला की वहीत तारीख, गाव, शास्त्रपाठ आणि गोष्ट कोठून घेतली याची नोंद करावी, म्हणजे एकाच पाळकाकडे चार गावांच्या मंडळ्या असतात तेव्हा तीच गोष्ट त्याच लोकांना पुन्हा सांगितली जात नाही.