आधी दुधाच्या खाड्यांचं कॅलेंडर काढा

समोर बसलेली बाई बहुतेक वेळा पहिलं वाक्य हेच बोलते, "मॅडम, केस नाही करायची, फक्त त्यांना समज द्या." अठरा वर्षं तालुक्याच्या गावी समुपदेशक आहे, दिलेली समज किती दिवस टिकते ते मला पाठ झालंय. म्हणून मी आधी 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा समजावते. तो नवऱ्याला आत टाकण्यासाठी नाही. मार थांबावा, घरात राहता यावं, खर्चाला पैसे मिळावेत यासाठी आहे. तुरुंगाचा विषय निघतो तो कोर्टाचा संरक्षण आदेश मोडला तर: एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बायकोच नव्हे, मुलाचा मार खाणारी आईसुद्धा अर्ज करू शकते. अशा आया येतात, फक्त दाराशी जास्त वेळ रेंगाळतात.

जिवावर बेतलं असेल तर 112 फिरवा आणि बाहेर पडा, कागदांचं नंतर बघू. तसं नसेल तर तारखा जमवायला बसा. "नेहमी मारतात" एवढ्यावर अर्ज उभा राहत नाही.

एका बाईला एकही तारीख सांगता येईना. मी म्हटलं, घरातलं कॅलेंडर घेऊन या. त्यावर दुधाचा हिशेब होता, रोजचा एक लिटर आणि मार्चमध्ये सलग चार खाडे. "हे काय?" "तेव्हा माहेरी होते. मनगट सुजलं होतं." मग रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीतून सरकारी दवाखान्याचा केसपेपर निघाला, पहिल्या खाड्याच्याच तारखेचा. मागची दोन वर्षं आम्ही अशीच खाड्यांवरून लावली.

त्या केसपेपरवर मात्र "बाथरूममध्ये पडून" असं लिहिलं होतं. नवरा शेजारी उभा, ती तरी काय बोलणार! पण तुम्हाला जमेल तेव्हा डॉक्टरला खरं सांगा, कोणी मारलं तेही. तोच कागद पुढे कोर्टात बोलतो.

पोलिसांनी नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, घेतली तर तिचा नंबर, तारीख लिहून घ्या. छळाचा गुन्हा नोंदवायचा असेल तर जुन्या दंड संहितेचं कलम 498-अ आता, 1 जुलै 2024 पासून, भारतीय न्याय संहितेचं कलम 85 आहे. "आमची हद्द नाही" म्हणाले तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द न बघता नोंदवायची तक्रार.

2005 च्या कायद्याखालच्या अर्जासाठी महिला व बालविकास खात्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. ते घरगुती घटना अहवाल भरून कोर्टात पाठवतात. माहेरी राहत असाल तर तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो. वकिलाला पैसे नसले तर विधी सेवा प्राधिकरणाला 15100 वर फोन लावा. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आता अर्जाचं शेवटचं पान, मागण्यांचं. "मला न्याय मिळावा" ही मागणी नव्हे. महिन्याला किती पैसे, कशाकशाला, कोणते दागिने, कोणाच्या कपाटात, मुलं कोणाकडे, कामाच्या ठिकाणी येऊन तमाशा करू नये, असं सगळं लिहा. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून राहण्याची मागणी सोडू नका. तुम्ही तिथे नांदत असाल तर ती करता येते, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय. कायदा 60 दिवसांत निकालाचं म्हणतो, तारखा मात्र पडतच राहतात. म्हणून याच कायद्याच्या कलम 23 खाली, प्रतिज्ञापत्र जोडून, अंतरिम म्हणजे निकालापर्यंतचा आदेश पहिल्याच दिवशी मागा.

आदेशाची प्रत कोर्ट फुकट देतं. एक झेरॉक्स शेजारणीकडे ठेवा.

कॅलेंडरवालीला घरात राहण्याचा आदेश मिळाला. मला भेटली तेव्हा तिने आधी विचारलं, कॅलेंडर कोर्टातून परत कधी मिळेल? दूधवाल्याचे दोन महिन्यांचे पैसे त्यावरूनच द्यायचे होते.