अमेरिकेत टीचर व्हायचंय? टीच ग्रांट आणि लोन माफी घेण्याआधी हे बघून घ्या

अमेरिकेत राहून टीचर व्हायचं ठरवलेल्या बऱ्याच जणी विचारतात, सरकार फीला पैसे देतं आणि लोनपण माफ करतं म्हणे, खरंय का? खरंय. शिक्षक मिळत नाहीत आणि मिळाले तर टिकत नाहीत म्हणून फेडरल सरकार त्यात पैसे घालतं. पण हे पैसे पुढच्या चार, पाच नाहीतर दहा वर्षांच्या नोकरीला बांधलेले असतात, त्यामुळे आधी काय शिकवणार आणि कुठल्या शाळेत ते ठरवा, फॉर्म नंतर भरा. आणि एच-वन, एच-फोर व्हिसावर असाल तर ही फेडरल मदत मिळत नाही, आपल्याकडच्या बहुतेकांना त्यासाठी ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप लागते.

सुरुवात टीच ग्रांटपासून, म्हणजे टीचर होणाऱ्यांना फीसाठी मिळणाऱ्या फेडरल मदतीपासून करूया. ती २००७ च्या कायद्यातून आली, वर्षाला जास्तीत जास्त ४,००० डॉलर, बॅचलर्सला एकूण १६,००० आणि मास्टर्सला ८,०००. अलीकडे बजेट कपातीचे ५.७ टक्के वजा होऊन ४,००० चे ३,७७२ च हातात येतात. जीपीए (गुणांची सरासरी) ३.२५ लागतो, नाहीतर प्रवेश परीक्षेच्या एखाद्या भागात ७५ पर्सेंटाइलच्या वर स्कोअर. दरवर्षी फाफ्सा, म्हणजे फेडरल मदतीचा अर्ज, भरायचा, ऑनलाइन काउन्सेलिंग पूर्ण करायचं आणि करारावर सही करायची. सगळी कॉलेजं ही ग्रांट देत नाहीत, म्हणून अॅडमिशन घेण्याआधीच तिथल्या फायनान्शियल एड ऑफिसला विचारा.

आता तो करार, आणि इथे घाई करू नका. कोर्स संपल्यावर ८ वर्षांच्या आत ४ वर्षं फुल टाइम शिकवायचं, तेही कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं जास्त असलेल्या शाळेत, आणि शिक्षकांची टंचाई असलेल्या विषयात. जमलं नाही तर सगळी ग्रांट लोन होते. सगळी म्हणजे सगळी, तीन वर्षं शिकवलं आणि चौथ्या वर्षी सोडलं तरी एक डॉलर कमी होत नाही, आणि व्याज लोन झाल्या दिवसापासून नाही तर पैसे मिळाले त्या तारखेपासून लागतं. समजा व्याज ५ टक्के आहे, पहिल्या वर्षी घेतलेल्या ३,७७२ वर दहा वर्षांनी १,८८६ डॉलर नुसतं व्याज होतं, आणि ते चारपैकी एकाच वर्षाच्या पैशांवरचं. म्हणून मी तर सगळ्यांना सांगते की हिला मनात ग्रांट म्हणूच नका, अटी पाळल्या तर माफ होणारं कर्ज म्हणा आणि मग घ्यायचं की नाही ठरवा. १९५८ च्या फेडरल शिक्षण कायद्यातल्या स्टुडंट लोनमध्ये शिकवलेल्या प्रत्येक वर्षाला १० टक्के सुटायचे, निम्म्यापर्यंत, नंतरच्या पर्किन्स नावाच्या फेडरल लोनमध्येही पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने सगळं माफ व्हायचं, म्हणजे मध्येच बाळ झालं किंवा नवऱ्याची बदली झाली तरी केलेलं वाया जात नव्हतं. मला ती पद्धत जास्त माणुसकीची वाटते.

विषय कुठले चालतात? गणित, सायन्स, स्पेशल एज्युकेशन, परदेशी भाषा, बायलिंग्वल, रीडिंग स्पेशालिस्ट. याशिवाय तुमच्या राज्यात टंचाईच्या यादीत जे असेल ते. दिवसातले अर्ध्याहून जास्त तास त्याच विषयाचे हवेत. साध्या एलिमेंटरी वर्गाची टीचर व्हायचं असेल तर इथेच थांबून यादी बघा, कारण तो प्रत्येक राज्यात यादीत नसतो. शाळेसाठी वेगळी सरकारी डिरेक्टरी ऑनलाइन आहे, ऑफर लेटरवर सही करण्याआधी शाळेचं नाव तिथे टाका आणि त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा. तुम्ही लागलात त्या वर्षी शाळा यादीत असली आणि पुढे निघाली तरी त्याच शाळेतली पुढची वर्षं धरली जातात.

२०१८ मध्ये बाहेर आलं की हजारो टीचर नियमाप्रमाणे शिकवत होत्या पण वार्षिक फॉर्म उशिरा गेला किंवा त्यात बारीकशी चूक झाली म्हणून त्यांची ग्रांट लोन झाली होती. मग सरकारने फेरविचार सुरू केला आणि २०२१ पासून नियमच बदलला, आता फक्त वार्षिक कागद राहिला म्हणून ग्रांट लोन होत नाही. तरी दरवर्षीचं सर्टिफिकेशन वेळेवर पाठवा आणि कॉपी स्वतःकडे ठेवा.

आता आधीच फेडरल स्टुडंट लोन असेल तर. माफीच्या दोन योजना आहेत. पहिली टीचर लोन फरगिव्हनेस, तिच्यात लो इन्कम शाळेत सलग ५ पूर्ण शैक्षणिक वर्षं शिकवलं की हायस्कूल-मिडलस्कूलचे गणित-सायन्सवाले आणि स्पेशल एडवाले यांचे १७,५०० डॉलरपर्यंत सुटतात, बाकीच्यांचे फक्त ५,०००. दुसरी पीएसएलएफ (पब्लिक सर्व्हिस लोन फरगिव्हनेस), म्हणजे सरकारी किंवा ना-नफा संस्थेत फुल टाइम काम करत १२० हप्ते भरले की उरलेलं सगळं माफ, शाळा लो इन्कम असायची गरज नाही. गडबड इथे होते की एकाच काळाचा फायदा दोन्हीकडे घेता येत नाही. तीच पाच वर्षं टीचर लोन फरगिव्हनेसला लावली तर पीएसएलएफची दहा वर्षं त्यानंतर, एकूण पंधरा. म्हणून एलिमेंटरी टीचर असाल आणि लोन ५०,००० असेल तर ५,००० च्या मोहात पडू नका, उत्पन्नावर आधारलेला हप्ता लावून घ्या आणि सरळ पीएसएलएफ धरा. उलट गणिताची टीचर आहात आणि लोनच १५,००० आहे, तर पाच वर्षांत मोकळ्या व्हाल.

टीचर लोन फरगिव्हनेसमधला पाच "पूर्ण" वर्षं हा शब्द कडक आहे. माझ्या मैत्रिणीने पाचव्या वर्षी मे महिन्यातच माफीच्या फॉर्मवर प्रिन्सिपलची सही घेतली, शाळा संपायला अजून दोन आठवडे होते, फॉर्म परत आला. सुट्टी लागल्यावर ऑफिसात कोणी भेटेना, ऑगस्टपर्यंत बिचारी हप्ते भरत बसली. शाळेचा शेवटचा दिवस झाला की दुसऱ्याच दिवशी सही घ्या, ऑफिसवाल्यांना आठवडाभर आधी सांगून ठेवा.

राज्यांच्या योजनाही बघा, पण त्या बजेटवर हलतात. नॉर्थ कॅरोलायनाची टीचिंग फेलोज, म्हणजे टीचर होणाऱ्यांना फीसाठी पैसे देणारी योजना, १९८६ ला सुरू झाली, २०११ ला विधिमंडळाने पैसे बंद केले, २०१७ ला परत आणली. म्हणून राज्याच्या मदतीवर चार वर्षांच्या फीचं गणित मांडत असाल तर आधी त्या योजनेच्या ऑफिसला लेखी विचारा की आत्ता शिकणाऱ्यांचे पैसे शेवटच्या वर्षापर्यंत पक्के आहेत का, आणि उत्तराचा ईमेल त्याच फोल्डरमध्ये ठेवा जिथे टीच ग्रांटचा करार आणि शाळेचा स्क्रीनशॉट आहे.