बोललो तसंच टाइप केलं आणि घोळ झाला: या चुका टाळा

आमचं टॉवेलचं छोटं काम आहे, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, त्यामुळे दिवसभर निम्मं काम फोनवर आणि निम्मं व्हॉट्सअॅपवर. मागच्या दिवाळीआधी मी एका व्यापाऱ्याला दोनच शब्द टाकले, 'माल पोचला'. मला विचारायचं होतं हो! त्यांना वाटलं मी सांगायलोय, म्हणून त्यांनी अंगठा टाकला, आणि तो अंगठा बघून मला वाटलं पोचला. चार दिवस गाठी ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये पडून आणि आम्ही दोघंही निवांत. फोनवर बोललो असतो तर शेवटचा 'ला' आपोआप वर गेला असता आणि हा विषयच आला नसता. मराठीत नुसत्या सुरावर प्रश्न विचारता येतो, वेगळा शब्द लागतच नाही, पण टाइप करताना तो सूर कुठनं आणणार? 'का' लावा, नाहीतर प्रश्नचिन्ह तरी द्या. मी आता दोन्ही लावतो, पोरं हसतात, हसू देत.

दुसरी चूक 'उद्या' आणि 'परवा'ची. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे सगळ्यांना माहितीय, म्हणून गल्लीच्या ग्रुपवर पाण्याचा मेसेज सगळेच वाचतात. कुणीतरी रात्री पावणेबाराला टाकतं 'उद्या सकाळी पाणी', अर्धी लोकं तो सकाळी चहा पिताना वाचतात आणि अजून एक दिवस आहे म्हणून बादल्या पालथ्याच ठेवतात. तोंडानं बोलताना सांगणारा आणि ऐकणारा एकाच दिवसात असतात, मेसेजचं तसं नाही. 'परवा' तर त्याहून बेकार, मराठीत तो मागं पण असतो आणि पुढं पण. 'परवा दिले', 'परवा देतो' असं बोलताना क्रियापदावरनं कळतं, पण आपण लिहिताना क्रियापदच खातो आणि 'परवाचं पेमेंट' एवढंच टाकतो, आता ते आलेलं का यायचं? वार आणि तारीख टाका, विषय संपला.

आकड्यांचं उलटं आहे, ते फोनवर फसतात. मागं लूमचा खडखडाट चालू असताना 'सात' आणि 'साठ' यात काहीही फरक राहत नाही. त्यात आमच्याकडं निम्मे कारागीर घरी तेलुगू बोलणारे, तेलुगूत अठ्ठावीस म्हणताना वीस आधी येतं आणि आठ नंतर, मराठीत आठ आधी, मग घाईत अठ्ठावीसचे ब्याऐंशी व्हायला कितीसा वेळ लागतो? (एकोणसाठ-एकोणसत्तरमध्ये तर आपली मराठी माणसंच अडखळतात, त्यांना कशाला नावं ठेवायची.) म्हणून फोनवर 'दोन आठ, अठ्ठावीस' असं फोडून सांगा, आणि फोन ठेवला की लगेच लिहून टाका: 'बोलल्याप्रमाणे ७ डझन, पांढरा, ३० बाय ६०'. डझन का नग हे लिहायचंच, नुसतं 'सात पाठवा' नको. चेकवर रक्कम आकड्यात आणि अक्षरात दोनदा लिहायला लावतात ते पण याच्यासाठीच, चेक-हुंडीच्या १८८१ च्या कायद्यात दोन्हीत फरक पडला तर अक्षरी रक्कम धरायची असं आहे, जरी बँक बऱ्याचदा असा चेक सरळ परतच पाठवते.

आता 'बे'. आपल्याकडं 'काय बे, कुठायस' यात प्रेम असतं, समोरासमोर ते चेहऱ्यावर दिसतं. पुण्यातल्या साहेबाला तेच टाइप करून बघा. माझ्या भाच्यानं नवीन नोकरीत ग्रुपवर 'येतो की बे' टाकलं आणि दोन दिवस टीम लीडर त्याच्याशी तुटक बोलत होता. तसंच नुसतं 'बरं.' आणि 'बघतो'. 'बघतो' तोंडानं म्हणलं की निम्म्या वेळा नाही असतं, लिहिलं की लोकं वचन धरून बसतात.

व्हॉइस नोटबद्दल एवढंच की चार मिनिटाच्या नोटमध्ये पत्ता सांगू नका, शोधताना जीव जातो. पत्ता, खातं नंबर लिहून. रुसवाफुगवा असेल तर मात्र टाइप करूच नका, फोन लावा नाहीतर घरी जा.

शेवटची चूक मी स्वतः तीन महिने केली. गटार तुंबल्याची तक्रार दर वेळी ऑफिसात जाऊन तोंडी सांगून यायचो, 'करतो साहेब' ऐकून परत. चौथ्यांदा अर्ज लिहून नेला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतला, मग हालचाल झाली. माहिती अधिकारात (२००५ चा कायदा) पण मागणी लेखीच लागते आणि साधारण ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कुणाला लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं लिहून काढायला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचंच काम आहे, कलम ६ मध्ये तसं आहे, तेव्हा आजी-आजोबांना परत पाठवायला लागले तर हे कलम दाखवा, आणि पोच घेतल्याशिवाय तिथनं हलू नका.