डोळे रंगवू नका, बसण्याची ढब बदला: मॉडेल रेल्वेचे प्रवासी करायला शिकताना

एचओ, म्हणजे १:८७ मापात साडेपाच फुटांचा माणूस जेमतेम १९ मिलिमीटरचा होतो. त्याच्या डोळ्यातलं बुबुळ ०.१४ मिलिमीटरचं. शिकायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न तरीही हाच असतो, की डोळे कसे रंगवायचे. माझं उत्तर ठरलेलं आहे: रंगवायचेच नाहीत. भुवयांखाली पातळ तपकिरी रंग उतरला की हातभर अंतरावरून डोळा आपोआप दिसतो. पांढरा ठिपका दिलात, तर प्रवासी भूत पाहिल्यासारखा खिडकीबाहेर बघत बसतो.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात राहते. आगगाड्यांची मॉडेल्स करणाऱ्या हौशी मंडळींना डब्यातली माणसं बदलून, रंगवून देते. यावर घर चालेल असं मी कुणाला सांगत नाही. चित्रकलेच्या शिकवण्या मी अजून सोडलेल्या नाहीत.

या गावाला गाड्यांचं वेड जुनंच. जयविलास राजवाड्यातली जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची गाडी इथे प्रत्येक पाहुण्याला दाखवली जाते (तिच्यात बसतात त्या मद्याच्या सुरया, त्यामुळे माझ्या धंद्याला ती निरुपयोगी). खरी ओढ नॅरोगेजची. ग्वाल्हेर ते श्योपूर, २ फुटी रुळांची, सुमारे २०० किलोमीटरची ती लाइन २०२० मध्ये बंद झाली. तिचं मॉडेल करणाऱ्याला टपावर बसलेली माणसं हवीच असतात, त्याशिवाय गाडी ओळखीची वाटत नाही. पण शिकायची सुरुवात टपापासून करू नका. डब्यातल्या प्रवाशाचं कमरेखालचं कुणी बघत नाही. टपावरचा माणूस चारी बाजूंनी उघडा असतो.

बाजारात मिळणारी बसलेली माणसं बहुतेक युरोपियन. जर्मनीच्या प्रायझर कंपनीचे न रंगवलेले संच चांगले असतात, चिनी संच स्वस्त आणि ओबडधोबड. शिकायला चिनीच घ्या. दोन्हींत अडचण एकच: कोट-टोपी रंगानं झाकता येते, बसणं झाकता येत नाही. पाय खाली सोडून, हात मांडीवर, पाठ ताठ. आपल्या जनरल डब्यात असं बसलेलं कुणी पाहिलंय? एक जण पाय वर घेऊन मांडी घालतो, एक बाई पिशवी पोटाशी धरून खिडकीला टेकते, तिसरा शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून झोपतो. साडी कितीही सुरेख रंगवली तरी आतली बाई म्युनिकचीच वाटत राहते. म्हणून माझा निम्म्याहून जास्त वेळ ब्रश हातात घेण्याआधीच जातो.

काप घ्यायला ११ नंबरचं ब्लेड. मान कापून तिरकी बसवायची. कमरेत पाचरीसारखी चीर घेऊन माणूस पुढे वाकवायचा आणि फट पुट्टीनं भरायची. तुटक हाताला आतून आधार हवा असेल तर ०.४ मिलिमीटरचं भोक पाडून विजेच्या वायरीतला तांब्याचा एक तंतू घालायचा. मांडी घालायची असेल तर पाय सरळ उडवा आणि दोन भागांच्या इपॉक्सी पुट्टीनं नवे घडवा. एम-सील चालतं, पण ते भराभर घट्ट होतं आणि बारीक कामाला जाडसर पडतं. मिलिपुट ही पुट्टी परवडत असेल तर ती घ्या. पदरासाठी टिश्यू पेपरचा एकच पापुद्रा सोडवून घ्या, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवा आणि ओला असतानाच सुईच्या टोकानं चुण्या पाडा. आपल्या बायकांचा पदर डाव्या खांद्यावरून मागे जातो, श्योपूरकडच्या गाडीत सीधा पल्लू (उजव्या खांद्यावरून पुढे आणलेला) आणि डोक्यावर घेतलेला पदर जास्त शोभेल. एवढ्या फरकानं डबा कुठला आहे ते कळतं.

हे सगळं बघून शिकायचं. ग्वाल्हेर स्टेशनवर वही घेऊन बसा आणि माणसांची फक्त बाह्यरेषा काढा, चेहरा नाही. अनोळखी लोकांचे फोटो काढू नका. ते बरं दिसत नाही, आणि फोटो हाताशी असला की आपण नको तेवढे बारकावे रंगवायला जातो.

रंगाचं त्या मानानं सोपं. आधी साबणाच्या पाण्यानं धुवा, साच्याचा तेलकटपणा जायला हवा. मग करडा प्रायमर, मग मॅट ॲक्रिलिकचे पातळ थर. आतून बाहेर या: आधी त्वचा, मग कपडे, शेवटी केस. त्वचेला बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि थोडा पांढरा, पण प्रत्येकासाठी मिश्रण जरा बदला. शुद्ध पांढरा सदरा आणि शुद्ध काळे केस या मापात भडक दिसतात. सदऱ्याला फिकट करडा, केसांना काळपट तपकिरी. साडीचा ५ सेंटिमीटरचा काठ इथे ०.६ मिलिमीटर होतो, तो ओढता येतो. गमछ्याच्या चौकटी सोडून द्या. ब्रश शून्य नंबरचा चालेल, टोक मात्र शाबूत हवं.

मे महिन्यात लू सुटली की ग्वाल्हेरात रंग ब्रशवरच वाळतो. पसरट डब्यात ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, एवढी सोय केली की दुपार निभते. कूलरसमोर मात्र बसू नका.

आता बसवणं. मॉडेलच्या डब्यात फरशीखाली वजन असतं, त्यामुळे बाकं बहुधा उंच आणि जागा कमी. माणसाचे पाय गुडघ्यात, कधी मांडीतच कापावे लागतात आणि बूडही घासावं लागतं. चिकटवायला फेव्हिक्विक नको, त्याच्या वाफेनं खिडक्यांच्या काचा धुरकटतात. पांढरा डिंक बरा, पुढे माणूस काढताही येतो. टपावर धातूची माणसं ठेवू नका, अरुंद रुळांवर वळणाला डबा कलंडतो. आयसीएफच्या (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या) जुन्या धाटणीच्या स्लीपर डब्यात ७२ बर्थ, एका खणात ८. सगळे भरायचा मोह होतो. त्यापेक्षा एक खण खच्चून भरा, एकात वरच्या बर्थवर एकटाच आडवा, एक रिकामा ठेवा. माणसं एकमेकांकडे वळलेली असली की कुटुंब तयार होतं.

काम घेताना माप, डब्याचा प्रकार, काळ, बाकाची उंची आणि आत दिवे आहेत का, हे लिहून मागा. दिवे नसतील तर कपडे एक छटा उजळ ठेवावे लागतात. नुसतं रंगवण्याचा दर वेगळा आणि ढब बदलण्याचा वेगळा सांगा. मांडी घातलेला एक म्हातारा पाच ताठ साहेबांइतका वेळ खातो. गिऱ्हाईक कुरकुर करेल. त्याला दोन्ही प्रकारची माणसं एकाच डब्यात बसवून खिडकीतून फोटो काढून पाठवा, मग तो दर मान्य करतो किंवा ताठ साहेब घेऊन जातो.