बार्बेक्यूच्या बाटल्यात गॅस किती उरलाय? अंदाज बांधताना या चुका टाळा

बार्बेक्यूचा गॅस ऐन वेळी दगा देतो, कारण आपण भलत्याच गोष्टीवरून अंदाज बांधतो. त्यातली सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे प्रेशर गेजवर, म्हणजे गॅसचा दाब दाखवणाऱ्या मीटरवर, विसंबणं.

बाटल्यात गॅस द्रवरूपात असतो आणि त्याच्या वरच्या मोकळ्या जागेत वाफ. बर्नर चालू केला की वाफ बाहेर जाते, आणि तेवढीच नवी वाफ द्रवातून तयार होते. म्हणजे द्रवाचा शेवटचा थेंब शिल्लक असेपर्यंत दाब जवळपास तोच राहतो. हा दाब गॅस किती आहे यावर नाही, तर तापमानावर ठरतो. प्रोपेनचा बाटला 20 अंश सेल्सिअसला असेल तर गेज साधारण 7 बार दाखवतं, आणि तोच बाटला 0 अंशाला आला की आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो. गॅस मात्र एक ग्रॅमही कमी झालेला नसतो. म्हणून थंडीत काटा लाल पट्ट्यात दिसला तरी बाटला अर्धा भरलेला असू शकतो, आणि उन्हात हिरव्या पट्ट्यात असलेला काटा थोड्याच वेळात एकदम कोसळू शकतो.

बाटला आणि रेग्युलेटर यांच्या मध्ये बसवलेल्या गेजचा खरा उपयोग गळती शोधायला होतो. सगळे बर्नर बंद ठेवून बाटल्याचा व्हॉल्व्ह उघडा, काटा वर गेला की व्हॉल्व्ह बंद करा आणि दहा मिनिटं लक्ष ठेवा. काटा खाली सरकला, तर कुठेतरी गळतंय. मग साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा, काडी पेटवून अजिबात नाही.

वजन करा, पण नीट

खात्रीचा उपाय वजनाचाच. बाटल्याच्या वरच्या कड्यावर रिकामं वजन कोरलेलं असतं, बऱ्याच बाटल्यांवर टी आणि डब्ल्यू या अक्षरांपुढे. इथेच गफलत होते. शेजारी डब्ल्यू आणि सी या अक्षरांपुढे आणखी एक आकडा असू शकतो. ती बाटल्यात मावणाऱ्या पाण्याची मोजदाद आहे, तिचा इथे संबंध नाही. तो आकडा वजा केला तर भरलेला बाटलाही रिकामा ठरेल. आकडा किलोत आहे की पौंडात, तेही बघा.

रेग्युलेटर काढून ठेवा, कारण जोडलेली नळी वजनकाट्यावरचं वजन बदलते. काटा सपाट फरशीवर हवा. समजा रिकामं वजन 8.2 किलो आहे आणि काटा 10.9 दाखवतोय, तर आत 2.7 किलो गॅस आहे. एक किलो प्रोपेनमधून साधारण 13 ते 14 किलोवॉट-तास उष्णता मिळते. म्हणजे 10 किलोवॉटचा बार्बेक्यू सगळे बर्नर पूर्ण उघडून चालवला, तर हा गॅस साडेतीन तास सहज पुरेल. रिकामं वजन जाड मार्करने बाटल्यावर ठळक लिहून ठेवलं की दर वेळी गंजलेली अक्षरं वाचत बसावं लागत नाही.

गरम पाण्याची युक्ती

वजनकाटा नसेल तर बाटल्याच्या एका बाजूवरून वरून खाली गरम पाण्याची धार सोडा आणि तळहात हळूहळू खाली फिरवा. वर पत्रा उबदार लागतो आणि एका ठिकाणी अचानक गार. आतला द्रव ती ऊब शोषून घेतो, म्हणून ती गार रेघ म्हणजे द्रवाची पातळी. पाणी उकळतं नको आणि व्हॉल्व्हवर तर नकोच. ही पातळी वाचतानाही लोक चुकतात: नवा बाटलाही साधारण 80 टक्केच भरतात, त्यामुळे रेघ मध्यावर असेल तर निम्म्याहून जास्त गॅस उरलेला असतो. बाटला हलवून किंवा आडवा करून अंदाज घेऊ नका. आडवा करून वापरल्यास द्रव थेट रेग्युलेटरमध्ये शिरू शकतो, आणि ते धोक्याचं आहे.

ज्योत मंद झाली म्हणजे गॅस संपला, असं नाही

या समजापायी कितीतरी अर्धे बाटले विनाकारण परत जातात, याचं मला फार वाईट वाटतं. बराच वेळ मोठ्या आचेवर चालवलं की द्रवाची वाफ होताना बाटलाच थंडगार पडतो आणि बाहेरून दव किंवा बर्फ धरतो. दाब उतरतो, ज्योत लहान होते. थोडा वेळ बंद ठेवा, ज्योत पूर्ववत होते. ब्युटेन तर 0 अंशाच्या आसपास वाफ व्हायचं जवळपास थांबतो, म्हणून कडाक्याच्या थंडीत प्रोपेनचाच बाटला घ्यावा.

काही रेग्युलेटरांत सुरक्षेची सोय असते. बर्नर उघडे असताना बाटला झटक्यात उघडला, तर गळती समजून ते गॅसचा प्रवाह रोखतात. सगळं बंद करा, रेग्युलेटर काढून दोनेक मिनिटांनी पुन्हा बसवा, बाटला सावकाश उघडा आणि मगच बर्नर. तरीही ज्योत पिवळी, आळसटलेली राहिली तर बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं आहे का ते बघा.

बाटला खरोखर संपला तरी आत थोडी वाफ उरतेच. व्हॉल्व्ह घट्ट बंद करा आणि बाटला उभाच, मोकळ्या हवेत ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तळघरात किंवा खोलगट जागेत साचून राहतो.