समोरून डिपर आला, तर त्याचा अर्थ काय घ्यावा?

आपल्याकडे समोरच्या गाडीने डिपर मारला, म्हणजे हेडलाइट क्षणभर अप्पर करून पुन्हा खाली घेतला, तर बहुतेक वेळा ‘मी येतो आहे, तुम्ही थांबा’ असाच अर्थ घ्यावा. ब्रिटनमध्ये गाडी चालवून आलेल्यांची येथेच फसगत होते. तेथील नियमावलीनुसार डिपर केवळ आपण आहोत हे कळवण्यापुरता असला, तरी व्यवहारात तो ‘तुम्ही आधी जा’ म्हणून सर्रास दिला जातो.

ताम्हिणीसारख्या घाटात रात्री आंधळ्या वळणाआधी दोनदा मारलेला डिपर मला हॉर्नपेक्षा उपयोगी वाटतो, कारण काचा बंद करून गाणी ऐकत बसलेल्या चालकालाही समोरच्या कड्यावर हललेला उजेड दिसतो. अरुंद चढावर मात्र आधी डिपर कोणी मारला याला महत्त्व नसून, नियमाप्रमाणे चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते.

दिवसा समोरच्या एकापाठोपाठ एक गाड्या डिपर देऊ लागल्या, तर पुढे अपघात, कोसळलेली दरड, गुरे किंवा पोलिसांची तपासणी असू शकते. रात्री हेच घडले, तर आधी आपलाच दिवा अप्परवर राहिला नाही ना, हे डॅशबोर्डवरील निळ्या खुणेवरून पाहावे. मागून डिपर आला म्हणून गाडी तडक डावीकडे घालू नये. त्या बाजूने दुचाकीस्वार घुसत नसल्याची आरशात खात्री करून मगच वाट द्यावी.