ठाण्यात राहून मुंबईच्या ट्रॉलीबसचा माग कसा काढाल?

ट्रॉलीबस म्हणजे डोक्यावरच्या तारांतून वीज घेऊन रबरी टायरवर धावणारी बस. ठाणे-नवी मुंबईत ती कधी धावलीच नाही. ठाण्याची बससेवा टीएमटी १९८९ ची, नवी मुंबईची एनएमएमटी १९९६ ची. तोवर मुंबईतल्या तारा उतरून जमाना झाला होता. शोध घ्यायचा तो बेस्टच्या हद्दीतच.

आधी तारखा पक्क्या करा. सुरुवात ११ जून १९६२, गोवालिया टँक ते माझगाव डॉक, गाड्या १२. बंद झाली २४ मार्च १९७१ ला, यंत्रणा जुनी झाली म्हणून. ट्राम गेल्यावर ट्रॉलीबस आली असं सर्रास सांगितलं जातं, ते चूक. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ची, म्हणजे जवळपास पावणेदोन वर्षं दोन्ही एकाच शहरात होत्या. त्यामुळे त्या काळातला फोटो हाती आला की घाई नको.

फोटोत आधी टप बघा. ट्रॉलीबसच्या टपावर तारेतून वीज घेणाऱ्या दोन दांड्या शेजारी-शेजारी, मागच्या दिशेला झुकलेल्या. काही शहरांतल्या ट्रामवरही दोन दांड्या असत, पण एक पुढच्या टोकाला, एक मागच्या. इथेच गफलत होते. मग तारा मोजा. ट्रामला एका मार्गावर एक तार पुरते, कारण परतीची वीज लोखंडी चाकांतून रुळात उतरते. रबरी टायरला ती सोय नाही, म्हणून जाणाऱ्या आणि येणाऱ्या मार्गावर प्रत्येकी दोन, अशा एकूण चार तारा दिसायला हव्यात. रस्त्यात रूळ दिसले एवढ्यावर मात्र निकाल देऊ नका. गाडी तारांच्या बरोबर खाली नसून बाजूला सरकलेली असेल, तर ट्रॉलीबस नक्की. ती लेनभर इकडेतिकडे होऊ शकते, ट्रामला ते कुठलं जमायला! शेवटी पाटी आणि नंबरप्लेट वाचा, कारण ट्रॉलीबस दिल्लीतही होती.

बातम्यांसाठी काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार गाठा. ठाण्यातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयातही वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांची चौकशी करा. नेमक्या तारखेचा अंक मागून भागत नाही, बातमी दुसऱ्या दिवशी छापली जाते. मागेपुढे आठवडाभर चाळा, आणि बेस्ट समितीच्या सभांच्या बारीक बातम्या सोडू नका. खरा माल तिथेच असतो.

मार्गाची दोन्ही टोकं पाहायची तर माझगाव डॉकसाठी नवी मुंबईकरांनी हार्बरने डॉकयार्ड रोडला उतरावं. गोवालिया टँकसाठी ठाणेकरांनी दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठावं. गोवालिया टँक म्हणजे आजचं ऑगस्ट क्रांती मैदान. वाटेत एखाद्या जुन्या भिंतीत तार ताणायची कडी दिसली तर फोटो जरूर काढा, पण खाली ‘ट्रॉलीबसची’ असं लिहू नका. ट्रामच्या तारांनाही तसाच आधार लागे.

बेस्टचं संग्रहालय आणिक आगारात आहे. ठाण्याहून शीव, नवी मुंबईहून गुरू तेग बहादूर नगर. निघण्याआधी उघडं आहे का, ते विचारून घ्या.